उतार

धुळ्यात आमच्या देवपूरच्या गल्लीत नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही. दिवसचे दिवस तोटी कोरडी असते आणि मग एखाद्या दुपारी, नेमकं ताटावर बसलेलं असताना, कोपऱ्यावरची बाई ओरडते, "पाणी आलं". मग हंडे, बादल्या, मोटारींची घरघर, सगळी गल्ली एका दमात जागी होते. त्या गडबडीत मी मात्र आधी मान वळवून पाठीमागे बघते. सुनेला वाटतं, मला ऐकू कमी येऊ लागलंय, आवाज कुठून आला ते कळत नाही. तिला तसं वाटतंय तर वाटू दे. मला उत्तम ऐकू येतं, ती मोबाइलवर बहिणीला माझ्याबद्दल काय सांगते तेही येतं. पण हे दोन शब्द मी स्वतः एकदा जीव तोडून ओरडले होते, आणि ते ऐकून दोन माणसांनी भलतीकडे पाहिलं होतं. तेव्हापासून मी आधी मागे बघते आणि मगच बादली उचलते. नळाला येतं ते पाणीही तापीचंच असतं.

आमचं गाव तापीच्या काठाला, शिंदखेड्याच्या बाजूला. घरात माय, भाऊ, भाऊंचा धाकटा भाऊ नाना, त्याची नवी बायको म्हणजे माझी काकी, आणि मी. भाऊ म्हणजे माझे वडील. त्यांना घरातले आणि गावातले सगळेच भाऊ म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. कापूस आणि ज्वारीवर आमचं बरं चाललं होतं. मासे धरणं हा भाऊंचा धंदा नव्हता, नाद होता. दिवस कलायला लागला की वेळूची काठी आणि गळ घेऊन ते नदीवर निघत आणि मला बरोबर नेत. पोरीच्या जातीला गळ शिकवताय, यावरून मायचा रोज एक तरी टोमणा ठरलेला. तिला मासा घरातल्या चुलीवर चालत नसे. अंगणात खुराड्याजवळ तिनं वेगळी चूल मांडली होती, वेगळं मडकं ठेवलं होतं, आणि नाक मुरडत मुरडत ती त्यात काळ्या मसाल्याचा असा रस्सा करी की शेजारची माणसं वाटी घेऊन येत. आम्ही त्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी कुस्करून खायचो. माय स्वतः ठेच्याशी भाकरी खाई आणि रश्शात मीठ कमी पडलंय हे नुसत्या वासावरून सांगे.

नदीवर भाऊंची बसायची जागा म्हणजे एक काळा खडक. तिथं ते कायम एकाच बाजूला तोंड करून बसत, नदी जिकडून येते तिकडे. गळाला दानवं, म्हणजे गांडूळ, कसं लावायचं हे त्यांनी मला शिकवलं, पण त्याआधी हे शिकवलं. "पानी वरथीन येस," ते म्हणत. "पाठ खाल, तोंड वर." आपल्याकडे आभाळ कोरडं असतं, पण वर सातपुड्यात कुठंतरी कोसळलेलं असतं आणि नदी न सांगता येते. गुराखी, धुणं धुणाऱ्या बाया, डुंबणारी पोरं, सगळ्यांचा एक कान वरच्या अंगाला असे. कुणी "पानी उनं" म्हणून ओरडलं की काही न विचारता सगळे वर बघत आणि काठाकडे पळत. पूर येऊन गेला, नदी पुन्हा पायी ओलांडण्याजोगी झाली, की म्हणत, उतार पडला. एकदा उतार पडला की पुढच्या पावसापर्यंत धास्ती नाही, बैलगाड्यासुद्धा पात्रातून जात. आमचं गाव पिढ्यान्‌पिढ्या याच समजुतीवर जगत आलं होतं, आणि त्यात काही खोटं होतं असं मला आजही म्हणता येत नाही.

नाना सुरतेला साड्यांच्या छपाई कारखान्यात होता. आमच्या भागातली पोरं तेव्हाही सुरतेलाच जात, आताही जातात. त्याच्या नखांत कायम रंग भरलेला असे. तो गावी आला की माय त्याच्या बोटांकडे बघून म्हणे, या खेपेला हिरव्या साड्या निघाल्या वाटतं. त्याच्या लग्नाला वर्ष व्हायचं होतं. काकी दोंडाईच्याकडची, माझ्याहून थोडीच मोठी. भाऊ तिचे जेठ, म्हणून ती त्यांच्याशी बोलत नसे. कपाळाखाली ओढलेला पदर, आणि बोलायचं ते माझ्याशी, नाहीतर भिंतीशी. एकदा घरात कुणी नव्हतं आणि भाऊंनी अंगणातून विचारलं, चहा होईल का. काकी दाराआडून खुंटीच्या शेळीला म्हणाली, "शेळीबाई, चहा टाकेल शे म्हना." भाऊंनीही शेळीलाच सांगितलं, साखर बेताची टाक. मला या कारभाराचं फार हसू येई आणि मी शाळेत मैत्रिणींना त्याची नक्कल करून दाखवी. त्या पदराआडून काकी सगळ्यांचं सगळं बघत असते, हे माझ्या लक्षात यायला मात्र वेळ लागला.

माझी दहावीची परीक्षा झाली आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे दिवाळीहून आखाजी मोठी. सासुरवाशिणी माहेरी जातात, लिंबाला झोके बांधतात, घरोघर सांजोऱ्या आणि आमरस होतो. आणि घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरायची असते. नवी मातीची घागर, तिच्यात तापीचं पाणी, तोंडावर डांगर म्हणजे खरबूज, वर सांजोरी आणि आंबा. आमच्या घरची घागर नदीवरून भरून आणायचं काम नानाचं होतं. काकी माहेरी झोक्यावर होती, त्यामुळे सुटीवर येऊनही तो तोंड पाडून फिरत होता, आणि भाऊ त्याला जेवताना चिडवत होते. विषय बदलायचा म्हणून नाना सुरतेच्या गोष्टी सांगू लागला. सुरतेच्या पुढे, तापी समुद्राला मिळते तिथं, एक जुना दगडी धक्का आहे. सुटीच्या दिवशी तो तिथं जातो. काठी लागत नाही, नुसती तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, डब्याला गुंडाळायची, टोकाला शिसं आणि गळाला कोळंबीचा तुकडा. भाऊंचा हात ताटातच थांबला. त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता, पण त्यांचं मन अडकलं ते समुद्रापाशी नव्हे, तापीपाशी.

"आपली तापी जास कोठे, ते तं एकदाव देखी येवूत," ते म्हणाले.

माय म्हणाली, पोरगी दिल्यासारखे निघाले तिचं सासर बघायला. मी मागे लागले आणि माझंही तिकीट ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी काकी माहेरून परत आली. नवऱ्याशी चारचौघांत बोलायची तेव्हा सोय नव्हती, म्हणून नानाची पिशवी भरता भरता तिनं मला सांगितलं, "त्यासले म्हना, कानबाईले घर या." श्रावणात आमच्याकडे नारळाला नटवून कानबाई बसवतात, आणि लग्नानंतरची ती त्यांची पहिली कानबाई असणार होती. मी तिच्यादेखत नानाला निरोप पोचवला. नाना हसून म्हणाला, येईन की, चालत येईन.

सुरतेत नानाची खोली आमच्याच लोकांच्या गल्लीत होती. सकाळी नळावर भांडण ऐकू आलं तरी ते अहिराणीत, त्यामुळे परक्या गावी आल्यासारखं वाटलं नाही. गल्लीभर रंगाचा उग्र वास असे. त्या दिवसांत कारखान्यात राणी रंग चालू होता. नाना जेवायला बसला की भाकरीवर त्याची गुलाबी नखं दिसत आणि मला ते काही केल्या बरं वाटत नसे. चिखलाचा, तेलाचा हात असतो तसा हा नव्हता, धुतला तरी तसाच राही.

एका संध्याकाळी कामावरून सुटल्यावर तो आम्हाला धक्क्यावर घेऊन गेला. बसमधून उतरून खुरट्या बाभळींमधून बरंच चालावं लागलं. मग एकदम समोर पाणी आलं, मातकट, रुंद, पलीकडचा काठ नीट दिसेना इतकं रुंद. ते धक्क्याच्या वरच्या पायऱ्यांना टेकलेलं होतं आणि त्याला अजिबात आवाज नव्हता. भाऊंनी चपला काढल्या, पायऱ्या उतरले आणि कुठल्याही घाटावर तापी भेटली की करायचे तसं ओंजळभर पाणी उचलून तोंडाला लावलं. त्यांचा चेहरा वाकडा झाला. पण ते थुंकले नाहीत. तापीमायच्या तोंडावर कसं थुंकायचं, म्हणून त्यांनी ते खारट पाणी गिळलं. वर येऊन हळूच म्हणाले, "माय खारी व्हयनी." मग त्यांनी गवताची एक काडी पाण्यात टाकली. ती कुठंच गेली नाही. आमच्या पायाखाली जागच्या जागी फिरत राहिली, आणि भाऊ तिच्याकडे बघत राहिले. नानाने सांगितलं की भरती पुरी झाली की पाणी जरा वेळ असं थांबतं, मग खाली जातं. भाऊ म्हणाले, नदी थांबते का कुठं.

धक्क्यावर पाच-सहा माणसं तंगूस सोडून बसली होती. कुणी कारकून, कुणी दुकानदार, घरी जायची घाई नसलेली माणसं. नानाने मला माझा स्वतंत्र डबा दिला आणि शिसं फिरवून कसं फेकायचं ते शिकवलं. पहिला मासा त्यालाच लागला. मिशा असलेला, काट्यांचा, आमच्या नदीत सापडतो त्याच जातीचा दिसत होता. मला तो ओळखीचा वाटून आनंद झाला, तेवढ्यात तो दगडावर पडल्या पडल्या कुरकुरायला लागला. दार ओढल्यावर बिजागरी करते तसा आवाज, थांबून थांबून. तिथल्या माणसांना त्याचं काही नव्हतं, तो मासा आवाज करतोच म्हणाले. भाऊंनी उभ्या जन्मात मासा बोललेला ऐकला नव्हता. त्यांनी नानाला तो परत सोडायला लावला. नाना हसला, पण त्याने सोडला. मी तेव्हा भाऊंना मनातल्या मनात गावंढळ म्हटलं.

त्यानंतरच्या रविवारी कारखान्यात जादा पाळी निघाली आणि धक्का राहून गेला. खरं तर आम्हाला तेव्हाच घरी परतायचं होतं. पण भाऊंना करमत नव्हतं आणि जावंसंही वाटत नव्हतं. ती खारी, थांबलेली तापी त्यांच्या मनातून जाईना. रात्री अंथरुणावर ते नानाला तिच्याबद्दलच विचारत, आजारी माणसाची चौकशी करावी तसं. पुढच्या रविवारी अमावस्या होती. भाऊंनी गल्लीतल्या कुणाच्या तरी पंचांगात पाहिलं, ती दुपारनंतर लागत होती, म्हणजे सकाळ मोकळी होती. मी भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधला आणि आम्ही लवकरच निघालो.

या खेपेला नदी वेगळीच होती. पाणी धक्क्याच्या खूप खाली गेलेलं, आणि ते वाहत होतं. खळाळत, फेस घेऊन, समुद्राकडे, नदीने जसं वाहायला हवं तसं. भाऊंचा चेहरा मला अजून दिसतो. हरवलेलं जनावर सापडल्यावर माणूस हसतो तसे ते हसले. "आते वळखाले उनी माय," ते म्हणाले. बघता बघता पात्राच्या मधोमध वाळूची एक लांब पाठ उघडी पडली. धक्का आणि ती वाळू यांच्यामध्ये एक घळ होती, तिच्यात घोट्याएवढं पाणी राहिलं होतं. वाळूच्या पलीकडे नदीचा मुख्य ओघ होता आणि त्याच्या कडेला मोठमोठे मासे उसळ्या मारत होते. इथून तंगूस पोचणार नाही हे उघड होतं. चिखलावर निवट्या, म्हणजे चिखलातले बोटाएवढे मासे, टुणटुणत होत्या, आणि मासे पायांवर चालल्यासारखे जमिनीवर चालताना बघून मी माझे पाय वर ओढून घेतले.

भाऊंनी धोतर खोचलं आणि म्हणाले, "उतार पडना रे. चाल."

नाना जरा घुटमळला. तो दोन वर्षं तिथं येत होता, पण कायम धक्क्यावरून. "भाऊ, आठे कोन्ही खाल उतरत नही," तो म्हणाला. भरती केव्हा लागते ते त्याला ठाऊक होतं आणि अजून अवकाश होता, तेही त्याने सांगितलं. पण भरती त्याने वरूनच पाहिलेली होती. वरून पाहिलं की पाणी एकेक पायरी चढताना दिसतं, ते कुठून येतं हे दिसत नाही. आणि समोर त्याचा थोरला भाऊ उभा होता, ज्याने त्याला नदी शिकवली होती. "ही तं आपलीच तापी शे," भाऊ म्हणाले, आणि तिथं विषय संपला. दोघांनी चपला पायरीवर जोडीने काढून ठेवल्या. मलाही जायचं होतं, पण माझी तंगूस पाण्यात होती, आणि नाना म्हणाला, ती कुणीतरी सांभाळायला हवी.

ते वाळूवरून चालत पलीकडच्या कडेला गेले आणि बसले. मी पाहिलं, दोघंही अगदी गावातल्या खडकावर बसावं तसे बसले होते, तोंड वर, पाठ खाली. वरून पाणी आलं असतं तर ते कोसभर आधी त्यांना दिसलं असतं. त्यांची पाठ समुद्राकडे होती.

माझी तंगूस सकाळपासून समुद्राच्या बाजूला ओढलेली होती. ती सैल पडली आणि सरळ खाली लोंबली. मला वाटलं मासा लागून सुटला. मग ती ताणायला लागली, पण उलट्या बाजूला, नदीच्या वरच्या अंगाला. मी ओढून पाहिली, मासा नव्हता. नुसतं पाणी तिला ओढत होतं. मी खाली वाकले तर धक्क्याच्या खांबाला धरलेलं शेवाळ, जे इतका वेळ समुद्राकडे लवलेलं होतं, ते आता गावाकडे लवलं होतं. तेव्हा मी समुद्राकडे पाहिलं. तिकडून पाण्याची एक कड येत होती, बोटभर उंच, फेसाची, सुपात धान्य घोळवल्यासारखा आवाज करत. ती भयंकर वगैरे काही दिसत नव्हती. ती वाळूला वळसा घालून मधल्या घळीत कधीच शिरली होती, आणि घळ भरत होती. म्हणजे भाऊ आणि नाना ज्या वाळूवर बसले होते तिच्या आणि माझ्यामध्ये पाणी आलं होतं, आणि ते त्यांच्या पाठीमागे होतं.

मी उभी राहिले आणि ओरडले, "पानी उनं!"

दोघंही ताडकन उठले. आणि दोघांनीही वर पाहिलं, नदी जिकडून येते तिकडे. भाऊंनी डोळ्यांवर हात धरून नीट निरखलं. तिकडे स्वच्छ ऊन होतं. त्यांनी माझ्याकडे अर्धवट वळून हात हलवला, काही नाही म्हणून, आणि पुन्हा खाली बसले. नानाही बसला. मी पुन्हा ओरडले, खालथीन, खालथीन म्हणून. पण हे दोन शब्द आमच्या गावात कुणी कधी एकत्र उच्चारलेले नव्हते, पाणी आणि खालून. त्यांना त्याचा अर्थ लागायला जो वेळ लागला तो मी आयुष्यभर ऐकत आले आहे. मग नानाने मान वळवली, आणि दोघंही पळत सुटले.

भाऊ पुढे होते. ते घळीत शिरले तेव्हा पाणी छातीला लागलं. माझं ओरडणं ऐकून धक्क्याच्या पलीकडच्या टोकाची माणसं धावत आली, त्यांनी दोर टाकला, तो भाऊंच्या हाताला आला. नाना त्यांच्या मागे वाळूच्या कडेशी होता. आमच्या तापीची वाळू माणसाला तोलून धरते. तिथं वाळूखाली गाळ होता. त्याचा एक पाय गुडघ्यापर्यंत आत गेला, तो काढायला त्याने दुसरा रोवला, तोही गेला. भाऊ दोर सोडून मागे फिरले. पाणी त्यांच्या नाकातोंडाशी आलेलं, तरी फिरले. दोन माणसांनी खाली उड्या टाकून त्यांना धरलं आणि वर ओढलं. भाऊ त्यांना चावले, लाथा मारल्या, तरी त्या परक्या माणसांनी त्यांना सोडलं नाही. नाना ओरडला नाही. पाणी खांद्यापर्यंत आलं तेव्हा त्याने हाताने खूण केली, जा म्हणून. ती गुलाबी बोटं मी पाहिली. नंतर तिथं सपाट पाणी होतं आणि ते हळूहळू पायऱ्या चढत होतं. पायरीवरच्या चपलांच्या दोन्ही जोड्या तरंगल्या आणि वर, गावाच्या दिशेने, वाहत निघाल्या.

गल्लीतली सगळी आमची माणसं दुपारपर्यंत जमली. ती खालच्या बाजूला धावली, समुद्राच्या तोंडापर्यंत. बुडालेला माणूस खाली सापडतो, हे आमच्यातल्या लहान मुलालाही ठाऊक होतं. अंधार पडेपर्यंत शोधलं, सकाळी पुन्हा शोधलं. मी धक्क्यावर भाऊंजवळ बसून होते. मी त्यांना तांब्याने पाणी दिलं तर त्यांनी ते आधी जिभेने चाखून पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सायकलवरून एक माणूस निरोप घेऊन आला, की वर, खूप वर, एका घाटाशी एक जण सापडलाय. भाऊ उठेनात.

"तो मन्हा भाऊ नही," ते म्हणाले. "तो वर कसा जाई?"

कुणाचंच काही चालेना. शेवटी मीच त्यांचा हात धरून त्यांना घेऊन गेले. चेहऱ्यावरून ओळखण्यासारखं फार राहिलं नव्हतं. भाऊंनी त्याचा हात उचलून हातात घेतला, नखं पाहिली, आणि मग ते खाली बसले.

तिथल्या स्मशानात सगळं उरकून आम्ही अस्थी घेऊन निघालो. गाडीत भाऊंनी मडकं मांडीवर घेतलं होतं, लाल फडक्यात बांधलेलं. नंदुरबार गेल्यावर एकदाच माझ्याकडे न बघता म्हणाले, तो थांबला होता, मी चल म्हणालो. मी त्यांच्या धोतराचं टोक मुठीत धरून बसले, लहानपणी जत्रेत धरायचे तसं.

घरी मायने हंबरडा फोडला. काकी रडली नाही, निदान आमच्यासमोर नाही. तिनं मला कोपऱ्यात नेलं आणि काय काय झालं ते सगळं विचारून घेतलं, पहिल्यापासून, काही गाळू न देता. मी सांगितलं. तंगूस कशी उलटी ओढली गेली तेही सांगितलं, चपला कुठं गेल्या तेही. फक्त उतार पडला हे कोण म्हणालं ते मी सांगितलं नाही. ते तिनं विचारलंही नाही. ती पुन्हा पुन्हा एकच विचारत राहिली, कुठं सापडले, धक्क्याच्या वर की खाली. मी म्हटलं, वर. किती वर. मी म्हटलं, खूप. तिनं मान डोलावली आणि ती उठून गेली.

अस्थींचं मडकं घरात आणत नाहीत. ते अंगणातल्या लिंबाला टांगलेलं होतं. दहाव्याच्या सकाळी गावातली माणसं जमली. आमच्या घरातलं माणूस आजवर दुसरीकडे कुठं गेलं नव्हतं, पणजोबांपासून सगळे तापीतच. भाऊंनी फांदीवरून मडकं उतरवलं, आणि माणसं नदीच्या वाटेला लागणार एवढ्यात काकी घरातून बाहेर आली. ती चालत सरळ भाऊंच्या समोर येऊन उभी राहिली. मला आधी वाटलं ती माझ्याशी काही बोलणार, म्हणून मी पुढे झाले. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, भिंतीकडे नाही, शेळीकडे नाही. तिनं पदर कपाळावरून मागे घेतला.

"भाऊ," ती म्हणाली, "त्या घरकडे निघेल व्हतात. आते त्यासले परत तठे धाडू नका."

ती भाऊंशी बोललेली ती पहिली वाक्यं. आमच्या तापीत सोडलं तर नदी नानाला पुन्हा खाली, त्या समुद्राकडेच नेणार होती. भाऊ मडकं छातीशी धरून उभे होते. मग गावातल्या एका म्हाताऱ्या आबांनी रीतीचं काहीतरी काढलं. भाऊंनी त्यांना हातानेच थांबवलं आणि मला म्हणाले, इंदू, कुदळ आण. शेताच्या बांधावरच्या लिंबाखाली त्यांनी स्वतः खड्डा खणला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. नदीवर त्यानंतर ते फारसे गेले नाहीत. गेले तरी त्या काळ्या खडकावर ते उलटे बसत, तोंड खाली करून. त्यामुळे एकदा खरोखरच वरून पूर आला तेव्हा गुराख्यांना त्यांना ओढून आणावं लागलं.

पुढच्या आखाजीला नानाची घागर वेगळी भरायची होती. वर्षाच्या आत गेलेल्या माणसाची वेगळी भरतात. काकीनं नवी घागर कडेवर घेतली, नदीच्या वाटेला न लागता शेताकडे वळली आणि विहिरीचं पाणी शेंदून तिच्यात भरलं. तेव्हापासून दर आखाजीला ती तसंच करते. आता गावातही तापीचं पाणी नळाने घरात आलंय, तिच्या ओट्याशीच तोटी आहे. मी धुळ्याहून जाते तेव्हा पोहरा मी ओढते, कारण तिचे हात आता थरथरतात. घागर मात्र ती स्वतःच बांधावरच्या त्या लिंबाखाली घेऊन जाते.